पाठमोऱ्या बायका

आई, परवा मावशीनं तू तिला दिलेलं ते मोठं चित्र माझ्याकडे पाठवून दिलं. तिच्या घराची कौलं काढून वर स्लॅब घालतायत, धुळीत ते खराब व्हायला नको म्हणून. पुठ्ठा कडांना फुगलाय, एके ठिकाणी लाल रंगाचा पोपडा उडालाय, बाकी होतं तसंच आहे. मी ते हॉलमध्ये सोफ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलंय आणि तेव्हापासून नुसती त्याच्या आसपास फिरतेय. तुला काहीतरी विचारायचंय असं सारखं वाटतं. काय विचारायचंय ते मात्र नक्की होत नाही. म्हणून लिहायला बसलेय. लिहिताना एकामागून एक काहीतरी येईल.

आपण गिरगाव सोडून मीरा रोडला आलो तेव्हा मी पाचवीत होते. तिकडे आजी-आजोबा, काका-काकू आणि आपण अशी सगळी दोन खोल्यांत राहायचो, त्यामुळे इथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला राजवाड्यासारखा वाटला होता. खाली रस्ता नव्हता, चिखल होता. पाण्याचा टँकर आला की सगळी बिल्डिंग कळशा घेऊन धावायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची, मिठाचे ढीग उन्हात चमकायचे आणि त्यांच्यामागे हिरवट काळी खाडी. सामान लावून झाल्यावर तू त्या खिडकीशी उभी राहिलीस ती हलेचनास. बाबा मागे आले आणि म्हणाले, "आता तर जवळच आलं की तुझं..." आणि एकदम थांबले. तुझं काय, ते त्यांनी पुढे सांगितलं नाही. मी तिथेच बरण्या पुसत बसले होते. मोठ्या माणसांची अर्धी वाक्यं मुलांच्या डोक्यात राहतात. माझ्याही राहिलं.

तुला माहेर नाही, एवढंच मला माहीत होतं. वर्गातल्या मुली मे महिन्यात मामाच्या गावाला जायच्या, मला मामाच नव्हता. "तिचं कोणी नाहीये गं," असं काकू म्हणायची आणि विषय बदलायची. आपण शुद्ध मराठी बोलणारी माणसं होतो. मी 'न' आणि 'ण'मध्ये चुकले तर तू लगेच टोकायचीस, बाबांपेक्षा जास्त कडकपणे. मला वाटायचं, तू शाळेत फार हुशार असशील.

मग सातवीच्या वर्षी ते बाळ. तुझं पोट वाढत होतं आणि मी बाळासाठी माझ्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला होता. तू नर्सिंग होममध्ये गेलीस आणि तशीच परत आलीस. बाबा मला जिन्यात म्हणाले, "बाळ देवाकडे गेलं, आईला काही विचारू नकोस." म्हणून मी विचारलं नाही. त्याला तू पाहिलंही नव्हतंस, तू शुद्धीवर यायच्या आत त्याला नेलं होतं, हे मला फार नंतर बाबांकडून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की तू छातीभोवती जुन्या धोतराचा पट्टा करकचून बांधायचीस. मला वाटायचं, छातीला जखम झालीय. तू डाळ शिजवायचीस आणि त्यात मीठ घालायला विसरायचीस, आम्ही दोघं काही न बोलता वरून मीठ घेऊन जेवायचो. बोलणं तर तू बंदच केलं होतंस. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी डब्यातून खिचडी घेऊन यायच्या आणि दारातच माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "बेटा, मम्मी को अकेला मत छोड़ना." पण शाळा होती. मी सोडून जातच होते.

त्या दिवसांत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होते. स्थिरचित्राचा सराव म्हणून टेबलावर एक तांब्या, एक वांगं आणि मागे घडी केलेला टॉवेल ठेवला होता. वांग्याला पहिला रंग दिला आणि तो वाळेपर्यंत शाळेत जाऊन येते म्हणून कागद तसाच ठेवून गेले. परत आले तर वांग्याच्या शेजारी एक बाई उभी. आपल्याकडे पाठ केलेली, गुडघ्याच्या जरा खाली येणारं लाल चौकड्यांचं लुगडं कासोट्यानं नेसलेली, अंबाड्यात फूल. माझ्याच ब्रशनं, माझ्याच पोस्टर कलरनं काढलेली. मी किंचाळलेच, "माझा कागद!" तू ओट्याशी उभी होतीस. मागे न वळता म्हणालीस, "तुला दुसरा आणून देते." कितीतरी आठवड्यांनी मी तुझं सबंध वाक्य ऐकत होते. मी भांडायचंच विसरले.

मग तू थांबलीच नाहीस. माझे कागद संपले, तेव्हा मिठाईच्या खोक्यांची झाकणं उलटी करून त्यांवर काढायला लागलीस. शेजाऱ्यांकडे फ्रिज आला, त्याचा खोका तू जाऊन मागून आणलास. माझी आई कुणाकडे काही मागायला जाते, हेच मला नवीन होतं. तो खोका फाडून, सपाट करून तू भिंतीला टेकवलास आणि जमिनीवर मांडी घालून काढत बसायचीस. पुन्हा त्याच बायका. एकीमागे एक चाललेल्या, डोक्यावर टोपल्या, सगळ्या पाठमोऱ्या. मी विचारलं, "ह्यांची तोंडं कुठेत?"

"पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"समुद्र आहे."

"आणि हिच्या टोपलीत?"

"मासळी."

पण त्या टोपलीत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मासळी कोणी पांढऱ्या कापडात गुंडाळत नाही, एवढं मला बारा वर्षांची असूनही कळत होतं. ते काय आहे, ते मात्र मला कळत होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

बाबांचं तर मला अजूनच कळायचं नाही. त्यांनी एकदा कंबरेवर हात ठेवून ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण हे कशाला? फुलं काढ, गणपती काढ. हॉलमध्ये लावू."

"हॉलमध्ये लावायला नाही काढलं," तू म्हणालीस.

पाहुणे यायचे असले की बाबा तो पुठ्ठा उलटा करून भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. गिरगावहून आजी आली तेव्हा तर त्यांनी तो पलंगामागे सरकवला. आणि ह्याच माणसानं त्याच महिन्यात ऑफिस सुटल्यावर फोर्टमध्ये वाट वाकडी करून तुझ्यासाठी मोठ्या बाटल्यांतले रंग आणले. लाल दोन आणले, कारण लाल लवकर संपतो हे त्यांनी पाहिलं होतं. लपवायचंही आणि रंगही आणायचे, हे एकाच माणसाला कसं जमायचं? मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या रविवारचं मला सगळं स्वच्छ आठवतं. उत्तनकडून एक कोळीण बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन यायची, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस असलेली. ती दारात बसून बोंबील साफ करत होती, तू ताट घेऊन समोर उभी होतीस आणि मी उंबऱ्याशी. हॉलच्या भिंतीला तुझा पुठ्ठा होता, त्या दिवशी सुलटा. तिची नजर आत गेली. हातातला कोयता तसाच धरून तिनं विचारलं, "ह्ये कोनी काडलं?"

"आईनं," मी म्हणाले.

ती तुझ्याकडे बघायला लागली. "बाय, ही लुगरं नेसायची रीत तं आमची हाय. तुमी कुठं बघितली?"

तू ताट दुसऱ्या हातात घेतलंस. मला वाटलं, तू नेहमीप्रमाणे आत निघून जाशील. मग तू म्हणालीस, "बघितली न्हाय. माझे आयशीची हाय."

आई, मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तुझ्या तोंडातून कुणी दुसरीच बाई बोलावी तसं ते होतं. मला 'न' आणि 'ण'वरून टोकणारी तू.

कोळणीनं कोयता खाली ठेवला. "कोनाची गो तू?"

तू तुझ्या वडिलांचं नाव सांगितलंस. पुढे म्हणालीस, "तारोडीची."

"ती तू हाय? मुंबयला गेलेली ती?" तिनं ओला हात तुझ्या पावलावर ठेवला. "आय गेली गो तुझी. गेल्या सणाच्या आदी. तुला कोनी सांगितलं न्हाय?"

तू उंबऱ्यावर बसलीस. ताट अजून हातातच होतं. तुम्ही दोघी भराभर बोलायला लागलात, कोण गेलं, कोण आजारी, कुणाचं लग्न झालं, आणि मला त्यातलं अर्धंअधिक समजत नव्हतं. आपल्याच दारात, माझ्याच आईचं बोलणं. शेवटी तू रडलीस. बाळ गेल्यापासून मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. तू तुझ्या आईसाठी रडतेयस की बाळासाठी, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

दुपारी बोंबलांना मसाला लावता लावता तू मला सांगून टाकलंस, जणू बाजारात काय काय मिळालं ते सांगतेयस. तू उत्तनजवळच्या तारोडीची, ख्रिश्चन. फोर्टच्या एका ऑफिसात टायपिस्ट होतीस, तिथे बाबा भेटले. लग्न केलंस म्हणून तुझ्या घरच्यांनी नाव टाकलं आणि इकडच्यांनी नवं नाव ठेवलं. "तुझे बाबा कधी काही म्हणाले नाहीत," तू म्हणालीस. "मीही काही म्हणाले नाही. मग ते तसंच राहिलं."

"तुझं पहिलं नाव काय?"

तू सांगितलंस. मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते तुला कुठूनच बसेना.

"मग मी कोण?" मी विचारलं.

"तू सातवीत आहेस. जा, अभ्यासाला बस."

पुढच्याच आठवड्यात मला घेऊन तू भाईंदर स्टेशनबाहेरून उत्तनची बस धरलीस. काखेत एक कोरा पुठ्ठा, पिशवीत माझी कंपासपेटी. बाबांना सांगितलं होतंस की नव्हतं, मला माहीत नाही. मिठागरं खिडकीतून लांब दिसायची ती आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आली, मग झाडी, मग टेकडी, मग वाऱ्याला सुक्या मासळीचा वास. तू उतरलीस आणि कुणालाही न विचारता चालायला लागलीस. कौलारू घरं, एका वळणावर चुन्यानं रंगवलेला क्रूस, त्याच्या पायाशी झेंडूची फुलं. एका अंगणात आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि एक बाई ते उलटे करत होती. तिनं वळून पाहिलं. मला कुणी सांगावं लागलं नाही, तुझंच नाक होतं.

मावशीनं ये म्हटलं नाही. जाही म्हटलं नाही. ती पुन्हा बोंबील उलटे करायला लागली. तू अंगणाच्या कडेला उभी राहून विचारलंस, "आयशीचा फोटो हाय का?"

"न्हाय. तिचा फोटो कोन काडनार व्हता?"

"मला तिचं तोंड आठवत न्हाय."

मावशीचे हात थांबले. म्हणजे त्या सगळ्या बायका त्यामुळे पाठमोऱ्या होत्या. पलीकडे समुद्र आहे म्हणून नाही, तुला चेहराच आठवत नव्हता म्हणून. तुझ्या आईनं तुला सोडलं त्या दिवशी ती पाठ फिरवून घरात गेली असेल, आणि तेवढंच तुझ्यापाशी राहिलं असेल, असं मी पुढे कधीतरी मनानंच ठरवलं. तू तसं कधी सांगितलं नाहीस.

मावशीनं हात पदराला पुसले, ओसरीवरचा पाट आणला आणि उजेडाकडे तोंड करून बसली. "माझं तोंड तिचं हाय. सगले म्हनतात. काड."

तू समोर जमिनीवर बसून काढायला लागलीस. पहिल्या रेघा तुला खोडाव्या लागल्या. मावशी तुला बोलत राहिली, आय आजारी असताना कोण धावलं, दर सणाला आय दाराकडे कशी बघायची, तू एक चिठ्ठी तरी का धाडली नाहीस. तू म्हणालीस, "हलू नको."

"इतक्या वरसांनी आली नि मला सांगते हलू नको!" मावशी म्हणाली. पण ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, हनुवटीवर आलं, तरी तिनं पुसलं नाही. तू तेही काढलंस का, ते मला तेव्हा नीट दिसलं नाही, आता चित्रातही शोधून सापडत नाही. जाताना मावशीनं माझ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील दिले आणि गालावर हात फिरवला. घरी येईपर्यंत माझ्या गालाला त्याचा वास येत होता.

त्यातूनच हे मोठं चित्र झालं. सगळ्या बायका पाठमोऱ्या आणि मधोमध एकच म्हातारी आपल्याकडे वळलेली. गणपतीत आपल्या सोसायटीच्या महिला मंडळानं मंडपाशेजारी हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. थर्माकोलचे मोर, भरतकाम, मण्यांची तोरणं. त्यात तू हे लावलंस आणि खाली कोपऱ्यात सही केलीस ती तुझ्या पहिल्या नावानं, मागे वडिलांचं आडनाव लावून. बाबांना ते तिथे उभं राहिल्यावरच कळलं. मी त्यांच्या शेजारीच होते आणि त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. सेक्रेटरींनी वाकून सही वाचली. "वहिनी, हे कुणाचं चित्र? कुठून आणलंत?"

तू बोलायला तोंड उघडलंस. त्याआधी बाबा म्हणाले, "हिचंच आहे. हे हिचं लग्नाआधीचं नाव."

एवढंच. मग त्यांनी पुढे होऊन चित्राची सुतळी सरळ केली. ती सरळच होती.

कुणी भांडलं नाही. दोन घरांनी तुला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं आणि खालच्या गुजराती काकी चित्रासमोर खूप वेळ उभ्या राहून म्हणाल्या, "आँखें बहुत सच्ची बनाई हैं, भाभी." घरी आल्यावर बाबा दोन दिवस कामापुरतं बोलले. ते रागावले होते की आणखी काही, मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी रंगांची बाटली आणली.

नंतरची वर्षं तुझी चांगली गेली असं मी म्हणते, म्हणजे लोकांना तसं सांगते. मासळीच्या टोपल्या खाली ठेवून कोळणी आपल्या जिन्यात बसायच्या आणि तू त्यांना काढायचीस, आता समोरून, एकेकीचा चेहरा. एक जण हसत म्हणाली होती, "आमाला कोन बघतं गो? लोक पापलेट बघतात." तुझ्या डाळीत मीठ परत आलं, तू मोठ्यानं हसायला लागलीस, दर सणाला तारोडीला जायला लागलीस. रंगांनी तुला बरं केलं असं मला म्हणायचं असतं. पण प्रत्येक चित्रात कुठेतरी, एखाद्या टोपलीत, एखादीच्या काखेत, ते पांढरं कापड आहेच. अगदी शेवटच्या वर्षी काढलेल्यातही. म्हणजे तू बरी झाली होतीस, की ते बरोबर घेऊन चालायला शिकली होतीस? आणि त्या बायकांना कुणी बघावं म्हणून काढत होतीस, की त्यांच्यातून तू स्वतःला कुणाला दाखवत होतीस? मी कधी एक म्हणते, कधी दुसरं.

तू गेलीस तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. स्मशानात गुरुजींनी तुझं एक नाव घेतलं. पुढच्या रविवारी मावशीनं गावच्या चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगितली, तिथे फादरनी दुसरं घेतलं. मी आणि बाबा शेवटच्या बाकावर होतो. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे ते आम्हाला कळत नव्हतं, पुढच्यांचं बघून करत होतो. त्या दोन्ही वेळी मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय आणि तू घरी आहेस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे पाकिटावर कुठलं नाव घालायचं हा घोळ तरी वाचला. सांगायचं एवढंच राहिलंय की परवा चित्र घेऊन मावशीची नात आली होती. कॉलेजात आहे, गावच्या बोलीवर काहीतरी लिहितेय. तिनं विचारलं, "तुमची आई घरी तुमच्याशी आपल्या बोलीत बोलायची का?" मी लगेच हो म्हणाले. ती इतकी खूश झाली की मला पुढे काही बोलवेना. आई, त्या बोलीत तू माझ्याशी एक शब्दही बोलली नाहीस. आणि मीही तुझ्याकडे तो कधी मागितला नाही.